जोडधंद्याचा हिशेब

नवरात्र संपत आले की शहरांतल्या सोसायट्यांच्या, कार्यालयांच्या आणि शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फराळाच्या याद्या फिरू लागतात. भाजणीची चकली, रव्याचे आणि बेसनाचे लाडू, करंज्या, शंकरपाळे, चिवडा. समोर किलोचा भाव आणि खाली ऑर्डर देण्याची शेवटची तारीख. परदेशातल्या मुला-नातवंडांसाठी पार्सल बांधून देऊ, असेही काही जण लिहितात. यांत बारमाही केटरिंग करणारे असतात, तसेच दिवसभर नोकरी करून रात्री सोऱ्या हातात घेणारेही असतात. आजचा विषय आहे ही दुसरी मंडळी. घरखर्च पगारातून चालतो, दिवाळीतही फार अडत नाही, तरीही हा व्याप ती दरवर्षी मांडतात. शाडूच्या मूर्ती करणारा शिक्षक, रविवारी रोपे विकणारा अभियंता, सुट्टीच्या दिवशी केकच्या ऑर्डरी घेणारी परिचारिका हे सगळे त्याच पंगतीतले.

विषयाची हद्द आधी आखून घेतली पाहिजे. घरातून चालणारा धंदा महाराष्ट्राला नवा नाही. गिरणगावात हजारो एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, ते मुख्यतः सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. तिथे प्रश्न पोटाचा होता. त्यांच्यासमोर कामातल्या समाधानाची चर्चा करणे शहाणपणाचे नव्हते आणि आजही ज्यांच्यावर तीच वेळ आहे त्यांच्यापुढे ते नाही. इथे आपण पाहतो आहोत तो नोकरी शाबूत ठेवून, हौसेने उचललेला जोडधंदा.

त्याचा पैशांचा हिशेब साधा आहे. डोंबिवलीत राहणारी, एका खासगी कार्यालयात हिशेब पाहणारी बाई दिवाळीआधी वीस संध्याकाळी चकल्या करते असे समजू. मदतीला सासूबाई आहेत. दोघी मिळून तीन तासांत चार किलो चकली उतरवतात. भाव किलोला पाचशे रुपये. तांदूळ, डाळी, धने-जिरे, दळण, तेल, गॅस, पिशव्या आणि डबे यांना किलोमागे दोनशे सत्तर रुपये गेले, तर उरतात दोनशे तीस. वीस दिवसांच्या ऐंशी किलोंचे झाले अठरा हजार चारशे रुपये. दोघींचे मिळून तास लागले एकशे वीस, म्हणजे तासाला साधारण दीडशे रुपये पडले.

पण हा हिशेब अजून पुरा झालेला नाही. डाळी निवडून भाजणे, गिरणीत रांग लावणे, घरोघरी डबे पोचवणे आणि ‘आज जमलं नाही, उद्या येते न्यायला’ असे सांगणाऱ्यांची वाट पाहणे यांत आणखी तीस तास जातात. ते धरले की तासाची मिळकत सव्वाशेच्या आत येते. तुटलेल्या चकल्या घरातच संपतात, त्या वेगळ्याच. बहुतेक जण हा दुसरा हिशेब मांडतच नाहीत. आपल्या वेळेला भाव लावायची सवय आपल्याला नसते आणि घरात बसून केलेल्या कामाला तर नसतेच. मात्र ज्यांनी तो मांडला आहे, त्यांच्याही याद्या पुढच्या वर्षी पुन्हा फिरतात. त्याचे कारण शोधण्यासारखे आहे.

अर्थशास्त्रज्ञांना हे कोडे मोठ्या प्रमाणावर पडले होते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ बार्टन हॅमिल्टन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांची कमाई आणि त्याच माणसांना नोकरीत मिळू शकला असता तो पगार यांची तुलना केली. दहा वर्षे व्यवसायात काढलेल्यांची मध्यक कमाई, म्हणजे चढत्या क्रमाने लावलेल्या रांगेत मधोमध येणाऱ्याची कमाई, नोकरीच्या मानाने ३५ टक्क्यांनी कमी निघाली. तरीही बहुसंख्य लोक व्यवसायात टिकून होते. त्यांना पैशाशिवाय आणखी काहीतरी मिळत असणार, असा निष्कर्ष हॅमिल्टन यांनी काढला.

ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, याचा माग स्वित्झर्लंडमधल्या मथियास बेंझ आणि ब्रूनो फ्राय या अभ्यासकांनी घेतला. २३ देशांतली माहिती त्यांनी तपासली. मिळकत आणि कामाचे तास यांचा फरक वजा करूनही स्वतंत्र व्यवसाय करणारे नोकरदारांपेक्षा कामाबाबत अधिक समाधानी होते. कारण काम अधिक रंजक वाटत होते आणि ते कसे करायचे हे त्यांचे त्यांना ठरवता येत होते. याला त्यांनी ‘प्रोसिजरल युटिलिटी’ म्हटले, म्हणजे फळ कितीही मिळो, ते ज्या रीतीने मिळवले त्या रीतीतूनच लाभणारे समाधान.

ही यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालते हे समजायला पुन्हा चकलीकडे वळावे लागेल. भाजणी तीच, हात तोच, तरी पहिला घाणा बिघडू शकतो. मोहन जास्त पडले तर चकली तेलात सोडताच विरघळू लागते. कमी पडले तर दाताला लागेल इतकी कडक होते. आच मोठी ठेवली तर वरून खमंग तांबूस दिसते, पण आत कच्ची राहिल्याने दुसऱ्या दिवशी मऊ पडते. करणारीला चूक त्याच क्षणी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी कळते आणि पुढच्या घाण्यात ती सुधारता येते. उकड थोडी घट्ट मळली, तेल किंचित जास्त तापू दिले, आच मध्यम केली आणि चकली काटेरी, हलकी, खुसखुशीत उतरली, तर ते तिचे कर्तृत्व असते आणि त्यात वाटेकरी कोणी नसतो.

मोठ्या कार्यालयातल्या नोकरीत ही साखळी तुटलेली असते. एका अहवालावर सात जणांचे हात फिरतात, तो मंजूर झाला की फेटाळला गेला हे महिन्यांनी कळते, कधी कळतही नाही. पगार चांगल्या आणि वाईट महिन्यांत सारखाच जमा होतो. कामाचे मूल्यमापन वर्षातून एकदा, तेही ठरावीक रकान्यांच्या तक्त्यात होते. ही नोकरीची निंदा नव्हे. हजारो माणसांनी मिळून करायच्या कामांना दुसरा मार्ग नाही. पण आपण केले आणि त्याने अमुक झाले, हा अनुभव त्यात दुर्मीळ होतो. जोडधंदा तोच अनुभव पुरवतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला ‘सेल्फ डिटर्मिनेशन’चा, म्हणजे स्वयंप्रेरणेचा सिद्धान्त इथे उपयोगी पडतो. माणसाच्या मनाला तीन गोष्टींची भूक असते असे तो सांगतो: आपले निर्णय आपण घेण्याची, एखादी गोष्ट आपल्याला नीट येते हे जाणवण्याची आणि इतरांशी जोडलेले असण्याची. चकलीच्या धंद्यात पहिल्या दोन कशा भागतात ते वर आलेच. तिसऱ्या भुकेबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते.

घरच्यांनी चकलीची तारीफ केली तर तिच्यात माया मिसळलेली असते. मैत्रिणीने केली तर तिच्यात भीड असते. पण तिसऱ्या इमारतीतल्या, नावही धड माहीत नसलेल्या गृहस्थांनी गेल्या वर्षी एक किलो नेली आणि यंदा तीन किलो सांगितली, तर त्यात माया नाही आणि भीडही नाही. त्यांना बाजारात दहा दुकाने उघडी होती. अनोळखी माणसाची दुसरी ऑर्डर ही आपल्या कामाला मिळालेली सर्वांत निर्मळ पावती असते, आणि नोकरीत आयुष्य काढलेल्या अनेकांच्या वाट्याला ती कधीच येत नाही. ‘मागच्या वेळी तिखट जरा जास्त होतं हो’ हे बोलणेही त्याच पावतीचा भाग असते. तक्रार करून पुन्हा विकत घेणारा ग्राहक परीक्षकाचे काम करतो, तेही फुकटात.

आणखी एक लाभ आहे, आणि मध्यमवर्गीय मराठी घरांत त्याचे मोल विशेष असावे. तो म्हणजे तोंडाने भाव सांगता येणे. ओळखीच्या माणसाने ‘किती द्यायचे?’ असे विचारले की ‘अहो, तुमच्याकडून काय घ्यायचं!’ हे उत्तर आपल्या जिभेवर तयार असते. मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे कंटाळवाणे विधान आम्हाला मान्य नाही. ते खोडणारी दुकाने आणि कारखाने गावोगावी आहेत. पण आपल्या कष्टाची किंमत न अडखळता सांगणे ही सवयीची गोष्ट आहे आणि पगारदार घरात ती लावून घ्यायची संधी मिळत नाही. पहिल्या वर्षी चाचरत, दुसऱ्या वर्षी सरळ आणि तिसऱ्या वर्षी ‘यंदा तेल महागलंय, भाव साडेपाचशे’ असे सांगणाऱ्या बाईने जे कमावले, ते पगारवाढ मागतानाही कामी येते.

आता उलट बाजू. पैसा आला की हौस मरते, असा जुना आक्षेप आहे आणि तो निराधार नाही. डेसी यांनीच १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली होती. काहींना प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले, काहींना दिले नाहीत. पैसे बंद झाल्यावर, मोकळ्या वेळात, पैसे मिळालेल्यांनी कोड्यांकडे इतरांच्या मानाने कमी लक्ष दिले. आधी मजेखातर केलेली गोष्ट मोबदला लागताच मजुरी होऊ शकते, असा याचा अर्थ.

मग विकलेल्या चकलीची हौस टिकते कशी? पुढच्या संशोधनातून उत्तर असे पुढे आले की मोबदला माणसाला नाचवू लागला तर तो हौस मारतो. काम चांगले झाल्याची वर्दी देऊन बाजूला राहिला तर मारेलच असे नाही. जोडधंद्याचा कळीचा मुद्दा इथेच आहे. घराचा हप्ता, मुलांची फी आणि वाणसामान पगारातून सुटत असेल, तर ऑर्डरीच्या पैशाला हुकूम सोडण्याची ताकद राहत नाही. ‘पाच तारखेनंतर घेणार नाही’ असे म्हणता येते. भाव पाडून मागणाऱ्याला नम्रपणे नकार देता येतो. एक वर्ष तब्येत बरी नाही म्हणून यादीच काढली नाही, तर कोणाची चूल थांबत नाही. ज्या स्वातंत्र्याचे आपण कौतुक करतो ते नोकरीच्या खुंट्याला बांधलेले आहे, हे विसरून चालणार नाही.

तो खुंटा धंद्यालाही उपकारक ठरतो. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी अभ्यासात, नोकरी सांभाळत व्यवसाय सुरू करून मग त्यात उतरलेल्यांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता एकदम राजीनामा देऊन उतरलेल्यांपेक्षा एक तृतीयांशाने कमी आढळली. आपल्याला काय जमते आणि काय नाही, हे त्यांना स्वस्तात शिकता आले होते. नोकरीवर लाथ मारून स्वप्नामागे धावलेल्यांच्या कहाण्या व्यासपीठांवर फार रंगतात. त्या व्यासपीठांवर अपयशी ठरलेल्यांना बोलावण्याची पद्धत नाही, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

नोकरीवर काय परिणाम होतो, हा मालकांचा प्रश्न. हडसन सेशन्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलेले उत्तर दुहेरी आहे. जोडधंद्यात आपण काही करू शकतो ही जाणीव मिळालेल्यांचा उत्साह दुसऱ्या दिवशीच्या नोकरीतही उतरला आणि काम सुधारले. त्याच वेळी रात्रीच्या धंद्याचे विचार सकाळी डोक्यात रेंगाळत राहिले. संशोधक याला ‘अटेन्शन रेसिड्यू’ म्हणतात, म्हणजे आधीच्या कामात अडकून राहिलेले लक्ष. त्याने नोकरीतली एकाग्रता थोडी कमी झाली. दोन्ही परिणाम एकाच माणसात होते, पण एकंदरीत फायद्याचे पारडे जड भरले.

सर्वांत मोठी किंमत मात्र वेळेची आहे आणि ती सगळे सारखी मोजत नाहीत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनपगारी कामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे. नोकरी आणि घर यांवर तिसरा थर चढतो तेव्हा तो बहुधा झोपेतून कापला जातो. वरच्या उदाहरणातल्या सासूबाईंचे साठ तास कोणत्या वहीत लिहायचे, हेही विचारले पाहिजे. सुनेच्या समाधानाचा खर्च सासूच्या गुडघ्यांवर पडत असेल, तर हिशेब बदलतो. चकल्यांच्या दिवसांत स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास घरातला पुरुष उचलतो का, यावर हा धंदा आनंदाचा की दमणुकीचा हे पुष्कळसे ठरते. त्यातून कर्ज काढून मोठी यंत्रे घेतली की नकार देण्याची मोकळीक जाते आणि हौशी धंद्याला पोटाच्या धंद्याचे नियम लागू होतात.

कायद्याची बाजू लोकांना वाटते तितकी जाचक नाही. अन्नपदार्थ घरी करून विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घ्यावी लागते; २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी पुरेशी मानली आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. प्राप्तिकरात गृहीत नफ्याची सोय आहे. उलाढालीच्या ८ टक्के, किंवा बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या ६ टक्के, इतका तरी नफा दाखवून तो पगारात मिळवायचा, मग हिशेबाच्या सविस्तर वह्या ठेवाव्या लागत नाहीत. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा, हे ओघाने आलेच. फक्त पगारदाराचा ‘सहज’ अर्ज सोडून ‘सुगम’ भरावा लागतो.

अडचण आहे ती नोकरीच्या अटींची. २०२२ मध्ये माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात ‘मूनलायटिंग’चा, म्हणजे नोकरीच्या आडून दुसरे काम करण्याचा वाद पेटला. विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढून टाकले. इन्फोसिसने त्याच वर्षी हितसंबंधांना बाधा न आणणारी बाहेरची कामे परवानगीने करू देण्याची भूमिका घेतली. प्रतिस्पर्ध्याची चाकरी आणि चकलीची ऑर्डर यांत फरक आहे, हे कोणालाही कळते. तो नियुक्तीपत्रात मात्र क्वचितच दिसतो.

हे सारे पाहता आमचे मत असे की पगाराच्या आधाराने केलेला छोटा धंदा माणसाला देतो त्यात पैशाचा वाटा दुय्यम आहे आणि म्हणूनच तो छोटा ठेवण्यात कमीपणा नाही. पण हे धोरणकर्त्यांच्या गावी नाही. एप्रिल २०२५ पासून दहा कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योगही ‘सूक्ष्म’ गणला जातो. त्या मापपट्टीवर ऐंशी किलो चकली दिसणारच नाही. बचत गटांपासून स्टार्टअपपर्यंत सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे पुढच्या वर्षी किती वाढणार. वाढायचे नाही, असे ठरवलेल्या धंद्याला आपण अपयशी समजतो. प्रशिक्षण वर्गांत भांडवल आणि जाहिरात शिकवतात; स्वतःच्या तासांचा भाव कसा काढायचा आणि ऑर्डर घेणे कधी थांबवायचे, याचेही एखादे व्याख्यान ठेवायला हरकत नाही.

खासगी मालकांनी सरसकट बंदीऐवजी साधी माहिती मागावी: काय विकता, कोणाला विकता, आमच्या कामाशी त्याचा संबंध येतो का. राज्य सरकारला आपल्याच घरातून सुरुवात करता येईल. १९७९ च्या नागरी सेवा वर्तणूक नियमांनुसार शासकीय कर्मचाऱ्याला कोणताही व्यापार-धंदा करण्यासाठी आगाऊ मंजुरी लागते; अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय कामाला मात्र त्यातून सूट आहे. अधिकाराचा वापर किंवा कार्यालयीन वेळ ज्यात गुंतलेला नाही अशा, ठरावीक रकमेच्या आतल्या घरगुती विक्रीला हीच सूट मिळावी आणि त्यासाठी मंजुरीऐवजी वर्षाला एक लेखी सूचना पुरेशी मानावी. कथा लिहून मानधन घेणारा लिपिक नियमात बसतो. त्याच टेबलावरची त्याची सहकारी दिवाळीत दहा किलो चकली विकते, तेव्हा तिला ती नवऱ्याच्या नावाने विकावी लागू नये.